कामावर नेण्याची शिदोरी

(निसरपुर, जिल्हा धार येथे ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे मराठी रूप)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘कामावर नेण्याचा सुलभ व पौष्टिक डबा’ असा दिलेला आहे. तो वाचून काही मंडळींच्या चेहऱ्यावर स्मित उमटले. बियाणे, सिंचन, पीकविमा, घरकुल अशा भारदस्त विषयांच्या पंगतीत हा डबा कोठून येऊन बसला, असे कोणासही वाटावे. परंतु सकाळी सातला घर सोडून दिवस मावळेपर्यंत ज्याला कापूस वेचावयाचा आहे, माती उचलावयाची आहे किंवा मोटारगाडी हाकावयाची आहे, त्याच्या अंगातील बळ दुपारच्या त्या चार घासांतूनच यावयाचे असते. न्याहरी बहुधा चहावर निभते, रात्रीचे जेवण थकलेल्या पोटी होते. मधला एवढाच एक आहार असा असतो की जो त्याच दिवशीच्या कामाला उपयोगी पडतो. म्हणून हा विषय मला लहान वाटत नाही.

आपल्या मराठी भाषेत यासाठी ‘शिदोरी’ हा किती सुंदर शब्द आहे! डबा म्हणजे नुसते भांडे. शिदोरी म्हणजे घराने बाहेर जाणाऱ्याच्या हाती दिलेला आधार. गोकुळातील सवंगड्यांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालविल्या आणि त्याचा गोपाळकाला झाला, ही कथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. शेताच्या बांधावर, झाडाच्या सावलीत, चार घरांची फडकी एकत्र सोडून आजही तोच काला होतो. एकीच्या फडक्यात ठेचा असतो, दुसरीच्या फडक्यात पालेभाजी, तिसरीकडे कांदा. आहारशास्त्र ज्याला ‘विविध अन्नपदार्थांचा समतोल’ म्हणते, तो समतोल बांधावरच्या या देवघेवीतून पुष्कळदा आपोआप साधतो.

शहरातही घरच्या अन्नाची ही ओढ किती बळकट आहे, याचे उदाहरण मुंबईने जगाला दाखविले. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी तेथे घरचा डबा कचेरीत पोहोचविण्याचा व्यवसाय सुरू केला. मावळ, जुन्नर, खेड या बाजूची मंडळी त्यात आली, १९५६ मध्ये त्यांची संस्था रीतसर नोंदली गेली आणि २०२० च्या टाळेबंदीपूर्वी सुमारे पाच हजार डबेवाले दररोज दीड ते दोन लक्ष डबे वाहून नेत. त्यांच्या बिनचूकपणाचे कौतुक पुष्कळ झाले आणि ते योग्यच होते. मात्र त्या डब्याचा प्रवास स्टेशनावर सुरू होत नव्हता; तो पहाटे कोणा गृहिणीच्या ओट्यापाशी सुरू होत होता, आणि तिचे कौतुक करावयास कोणी फारसे गेले नाही. त्याच मुंबईत गिरणीकामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या भगिनींना श्रीमती प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले, तेव्हा कोठे ‘रांधणे हेही काम आहे’ ही गोष्ट बँकांच्या व अधिकाऱ्यांच्या ध्यानी आली. या दोन दाखल्यांकडे मी पुढे पुन्हा वळणार आहे.

आता आपल्या निमाडाकडे येऊ. आहारविषयक भित्तिपत्रकांवर बहुधा सफरचंद, दुधाचा पेला आणि पावाचा तुकडा रंगविलेला असतो. कुक्षी-मनावरच्या रानात कामाला जाणाऱ्या माणसाने ते चित्र पाहून काय बोध घ्यावा? आपल्याकडे ज्वारी आहे, मका आहे. उडीद, मूग, तूर, हरभरा आहे. भुईमूग आहे, तीळ आहे, अंबाडीची आंबट भाजी आहे. ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी ही जोडी तर निमाडची ओळखच होय. मक्याचे पीठ पानांत दाबून गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले पानिये आणि त्यासोबत उडदाची डाळ हे येथील आदिवासी बांधवांचे भोजन कोणत्याही पोषणतज्ज्ञाने मान डोलवावी असे आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले आणि शहरातील उपाहारगृहांनीही ज्वारी-बाजरीचे पदार्थ आपल्या फलकांवर लिहिले. आपण मात्र त्याच सुमारास पाहुणा आला की ज्वारी लपवून गव्हाची पोळी पुढे करीत होतो! गव्हाला मी नावे ठेवीत नाही. परंतु ज्वारीची भाकरी म्हणजे दारिद्र्याची खूण ही समजूत शाळेतील मुलांच्या मनात रुजू नये, एवढी काळजी शिक्षकबंधूंनी अवश्य घ्यावी.

तथापि येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. ज्वारी काय किंवा मका काय, एकटी खाऊन भागत नाही. इटली आणि स्पेनमधील गरीब शेतकरी जेव्हा केवळ मक्यावर जगू लागले, तेव्हा त्यांच्यात पेलाग्रा नावाचा रोग पसरला. उन्हात उघड्या राहणाऱ्या भागांवरची कातडी काळवंडते व सोलते, जुलाब लागतात, पुढे बुद्धीही भ्रमते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात या रोगाने मोठा उत्पात केला. आपल्याकडे दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्या गरीब लोकांतही तो आढळला. हैदराबादच्या पोषण संशोधनशाळेत, जी पुढे राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून नावारूपास आली, डॉ. सी. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० च्या सुमारास त्याचा अभ्यास केला. निव्वळ ज्वारीच्या आहारात शरीराला नायासिन हे जीवनसत्त्व पुरेसे लाभत नाही, आणि ज्वारीतील ल्यूसीन या घटकाचे अधिक प्रमाण त्यात भर घालते, असे त्यांनी मांडले. यावर उपाय काय? ज्वारी सोडणे हा नव्हे. भाकरीला डाळीची, भुईमुगाची, भाजीची जोडी देणे हा उपाय. भुईमुगात नायासिन भरपूर असते. मूठभर दाणे शिदोरीत पडले की ती उणीव बरीचशी भरून निघते.

म्हणून ‘भाकरी आणि मिरची’ या शिदोरीविषयी जे काव्यमय बोलले जाते ते मला मान्य नाही. मिरचीने तोंडाला चव येते, भूकही चाळवते. परंतु स्नायूंना लागणारी प्रथिने तिच्यात नाहीत. हिशेबच करून पाहू. दोन भाकऱ्यांना सुमारे दीडशे ग्रॅम ज्वारीचे पीठ लागते; त्यातून पंधरा ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. त्याला चाळीस ग्रॅम बेसनाच्या झुणक्याची जोड दिली तर आणखी आठ ग्रॅम, आणि तीस ग्रॅम म्हणजे एक मूठ भुईमुगाचे दाणे घातले तर आणखी सात ग्रॅम. एकूण तीस ग्रॅम झाले. प्रौढ पुरुषाला दिवसाला सुमारे चोपन्न व स्त्रीला सुमारे सेहेचाळीस ग्रॅम प्रथिने लागतात, असे राष्ट्रीय पोषण संस्थेचे प्रमाण आहे. म्हणजे अर्ध्याहून अधिक गरज या एका फडक्यात भागली. यात बाजारातून आणलेले असे काहीही नाही. उलट दहा रुपयांचे शेवेचे पाकीट भाकरीबरोबर सोडले, तर मीठ आणि तेल पोटात जाते आणि भूक मेल्यासारखी होते, एवढेच. माळव्याची शेव मलाही आवडते. पण ती तोंडी लावण्याची वस्तू आहे, भाजीच्या जागी बसविण्याची नव्हे.

‘हे सारे खरे, पण पहाटे एवढे करावयास वेळ कोणाला?’ असा प्रश्न भगिनींच्या मनात आला असणार. तो रास्त आहे, आणि माझ्या मते याच प्रश्नावर शिदोरीचे बरेवाईट ठरते. सुलभ डबा म्हणजे पहाटे झटपट होणारा डबा नव्हे. ज्याचे निम्मे काम आदल्या दिवशीच उरकले आहे असा डबा. बेसन आठवड्याचे एकदम थोड्या तेलावर खमंग भाजून डब्यात भरून ठेवावे. सकाळी कांदा, लसूण, मोहरीची फोडणी करून पाण्याचा हबका मारला आणि हे भाजलेले पीठ पेरले, की सातआठ मिनिटांत कोरडा झुणका तयार होतो. त्यात चिरलेली अंबाडी, मेथी किंवा शेवग्याचा पाला, ज्याला येथे सुरजना म्हणतात, आधी परतून घेतला तर भाजीही तेथेच झाली. दाण्यांची चटणी पंधरा दिवसांची एकदम कुटावी: दोन वाट्या भाजलेले दाणे, अर्धी वाटी तीळ, दहाबारा लसणीच्या पाकळ्या, बेताचे तिखट व मीठ. कुटताना पाण्याचा थेंबही लागू देऊ नये, म्हणजे ती टिकते. जवस मिळाला तर त्याचीही अशीच चटणी करावी.

ज्या दिवशी भाकऱ्या थापावयास अजिबात सवड नसेल, त्या दिवशी थालीपीठ. दोन भाग ज्वारीचे पीठ, एक भाग बेसन, त्यात तीळ, ओवा, कांदा आणि बारीक चिरलेला पाला. भाजी आणि भाकरी निराळी करावी लागत नाही आणि गार झाल्यावरही ते चांगले लागते. लांबच्या प्रवासाला दुधात भिजविलेल्या पिठाच्या दशम्या देण्याची जुनी रीत होती, तीही शास्त्राला धरून होती. दशमी पोळीपेक्षा अधिक काळ मऊ राहते. आणि सातूचे पीठ तर विसरूच नये. भाजलेला गहू व डाळ्यांचे पीठ गुळासह बांधून नेले की कामाच्या जागी स्वच्छ पाण्यात कालवून तेथल्या तेथे आहार सिद्ध होतो, चूल पेटवावयास नको.

कडधान्यांना मोड आणण्याची सवय आपल्या घरांतून कमी होत चालली आहे, ती वाढवावी. मूग सकाळी भिजत घातले, रात्री फडक्यात बांधले, की दुसऱ्या वा तिसऱ्या दिवशी मोड येतात. म्हणजे भिजविण्याचे काम कामावर जाण्याआधी अर्ध्या मिनिटात होते आणि बांधण्याचे काम घरातील पोरेही करू शकतात. पोरे म्हणजे केवळ मुली नव्हेत, हे जाता जाता सांगतो. पुरुषमंडळींनी रात्री निदान लसूण सोलून, दाणे भाजून आणि पाणी भरून ठेवले, तर पहाटेचा अर्धा तास वाचतो. मुंबईच्या डबेवाल्यांची शिस्त आपण वाखाणतो. त्या शिस्तीचा एक अंश आपल्या स्वयंपाकघरात आदल्या रात्री यावा.

आता मी ज्या मुद्द्यासाठी येथे उभा आहे, तो मांडतो. पहाटे चारला उठून घरातील प्रत्येकाची शिदोरी जी बांधते, तिच्या स्वतःच्या शिदोरीत काय असते? नवऱ्याच्या फडक्यात झुणका जातो. सासऱ्यांना भाजी जाते. मुलांना शाळेत मध्यान्ह भोजन मिळते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजविलेल्या ताज्या अन्नाची ही व्यवस्था देशभर उभी राहिली, ही आनंदाची गोष्ट आहे. शेवटी कढईला जे चिकटून राहिले ते खरवडून, कालची उरलेली एक भाकरी घेऊन ती माउली त्याच रानात, तेवढेच काम करावयास जाते. पुष्कळदा तर कढई कोरडी असते आणि भाकरीबरोबर खरोखरच मिरचीच असते.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ या वयोगटातील भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. मध्यप्रदेशात हे प्रमाण ५४.७ टक्के होते. त्याच वयाच्या पुरुषांत ते देशभर २५ टक्के निघाले. मासिक धर्म व बाळंतपण यांमुळे स्त्रियांना लोहाची गरज अधिक असते, हे या अंतराचे एक कारण आहेच. पण ज्याची गरज अधिक त्याच्या पानात कमी, हा उलटा न्याय कोणत्या शास्त्राने शिकविला? चालताना धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, दुपारनंतर हात चालत नाहीत, आणि आपण म्हणतो, ‘हिला कामाचा कंटाळा आहे!’

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. झुणका झाला की पहिले फडके करणारणीचे बांधावे, मग इतरांची. नंतर उरेल ते घेईन, असे ती म्हणेल. घरच्यांनी ते चालू देऊ नये. पालेभाजी, तीळ, बाजरी, कडधान्ये यांत लोह आहे. परंतु ते शरीरात मुरण्यास आंबटाची मदत लागते. अर्धे लिंबू किंवा आवळ्याची फोड शिदोरीत असावी. याउलट जेवणावर लगेच घेतलेला चहा हे लोह अडवितो. बांधावर जेवण संपताच चहाची किटली फिरते, ती निदान तासभर उशिरा फिरवावी. चहा सोडा, असे मी म्हणत नाही. तसे म्हटले असते तर सभा येथेच संपली असती.

याला जोडून आणखी एक गोष्ट. धार, झाबुआ, अलीराजपूर या पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकारही आढळतो. तो आहाराच्या उणिवेने होत नाही आणि लोहाच्या गोळ्यांनी बराही होत नाही. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्यप्रदेशातील शहडोल येथूनच सुरू झाली. थकवा जात नसेल, सांधे वारंवार ठणकत असतील, तर आधी रक्ततपासणी करून घ्यावी आणि औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे.

शिदोरी बांधावी कशी, यावर थोडे बोलतो. गरम भाकरी लगेच डब्यात कोंडली तर तिला घाम येतो आणि ती लवकर बुरसते. ती आधी टोपलीत निववावी, मग स्वच्छ सुती फडक्यात गुंडाळावी. वर्तमानपत्राच्या कागदात अन्न बांधू नये. छपाईच्या शाईतील घातक द्रव्ये अन्नात उतरतात, अशी सूचना अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच दिली आहे. आपले हे बुलेटिनही त्याला अपवाद नाही! निमाडचा उन्हाळा तर सर्वज्ञात आहे. चैत्र-वैशाखात रसभाजी, शिजविलेला भात, मोड आलेल्या कडधान्याची ओली उसळ हे पदार्थ तीनचार तासांत खाऊन संपवावेत. दुपारपर्यंत ठेवावयाचे असेल तर कोरडेच पदार्थ न्यावेत. दह्याऐवजी मीठ घातलेले ताक मातीच्या सुरईत न्यावे.

कापसाच्या रानात एक धोका याहून मोठा आहे. २०१७ च्या पावसाळ्यात विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. श्वासावाटे आणि कातडीवाटे विष शरीरात जाते, तसेच ते न धुतलेल्या हातावाटे घासातूनही जाते. फवारणी चालू असलेल्या रानात शिदोरी ठेवू नये, ती वाऱ्याच्या उलट बाजूस, दूर, झाकून टांगावी. फवारणाऱ्याने साबणाने हात, तोंड व मान धुऊन आणि वरचा कपडा बदलूनच जेवावयास बसावे. औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यात पिण्याचे पाणी भरू नये. साबणाची वडी शिदोरीच्या फडक्यालाच बांधून दिली, तर विसरण्याचा प्रश्न उरत नाही.

अधिकारीमित्रांना आणि शिक्षकांनाही दोन शब्द सांगावयाचे आहेत. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कामगाराला सलग पाच तासांहून अधिक काम न देता मध्ये निदान अर्धा तास विश्रांती देण्याचा दंडक घालून दिला. शेतमजुराला तसा भोंगा नाही; त्याची सुटी मुकादमाच्या मर्जीवर असते. निदान शासकीय कामांवर तरी जेवणाची वेळ ठरलेली असावी आणि सावली व पिण्याचे पाणी तेथे असावे. आपल्या कचेऱ्यांतही दीड वाजताच्या बैठका हा एक जुना आजार आहे. घरून आलेला डबा सायंकाळी तसाच परत जातो आणि बैठकीतील बिस्किटे मात्र संपतात. बैठक अकरा वाजता घेतली तर शासनाचे काही बिघडेल असे मला वाटत नाही.

शेवटी निसरपुरापुरते. २०१९ च्या सप्टेंबरात सरदार सरोवर प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले आणि फुगलेले पाणी येथील जुन्या वस्तीत शिरले. ज्यांना नव्या जागी घरे उभारावी लागली, त्यांच्या घरांबरोबर परसही मागे राहिले. आणि परस म्हणजे शिदोरीतील भाजीचे कोठार. भिंती उभ्या राहतात, पंचनामे होतात, परंतु बुडालेल्या लिंबाच्या आणि सुरजन्याच्या झाडाची उणीव रोज सकाळी फोडणी देताना भासते. नव्या घरांपुढे जागा थोडी असली तरी सुरजन्याची एक फांदी रोवता येते. ती पावसाच्या तोंडाशी लावली की लवकर जीव धरते आणि वर्षभरात पाला देऊ लागते. सांडपाण्याच्या वाटेवर अंबाडीची एक ओळ पेरता येते. शाळेच्या आवारात लिंबाचे झाड लावावे, आणि मुलांनी त्याची रोपे घरोघर न्यावीत.

थालीपिठाच्या पिठात मका मिसळावयाचा झाल्यास तो किती मिसळावा म्हणजे ते मोडत नाही, हे मी पुस्तकातून सांगण्यापेक्षा समोर बसलेल्या भगिनींनीच सांगावे. स्वयंसहायता गटाच्या ज्या भगिनी शाळेतील स्वयंपाक सांभाळतात, त्यांनी कृपा करून येथे पुढे यावे; ध्वनिक्षेपक मी त्यांच्या हाती देतो.